छोट्या जनसंपर्क संस्थेतील काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील आमच्या छोट्या जनसंपर्क संस्थेकडे दोन प्रकारची माणसे चौकशीला येतात. काहींना आपल्या कारखान्याची, रुग्णालयाची, शाळेची किंवा सामाजिक संस्थेची माहिती लोकांपर्यंत पोहोचवायची असते, तर काहींना या क्षेत्रात नोकरी करायची असते. दोघांच्या शंका पुष्कळशा सारख्याच असतात. ग्राहकाला आमचे काम कसे चालते हे समजले, तर त्याच्या अपेक्षा रास्त राहतात आणि उमेदवाराला ते समजले, तर रुजू झाल्यावर त्याची निराशा होत नाही. म्हणून ही उत्तरे एकत्रच दिली आहेत.

जनसंपर्क संस्था नेमके काय करते? जाहिरात संस्थेपेक्षा तुम्ही वेगळे कसे?

जाहिरातीची जागा विकत घेतलेली असते आणि त्या जागेत काय छापायचे, हे कायद्याच्या मर्यादेत राहून पैसे देणारा ठरवतो. बातमीची जागा मात्र संपादकाच्या अखत्यारीत असते. ती विकत मिळत नाही आणि मिळूही नये. आमच्या ग्राहकाकडे वाचकाच्या उपयोगाचे किंवा कुतूहलाचे काय आहे हे शोधणे, ते पडताळणे, स्वच्छ भाषेत लिहिणे आणि ज्या पत्रकाराचा तो विषय आहे त्याच्या हाती वेळेवर देणे, हे आमचे मुख्य काम आहे. त्याच्या जोडीने मुलाखतीची पूर्वतयारी, भाषणांचे मसुदे, वार्षिक अहवालातील मजकूर, कर्मचाऱ्यांसाठीची पत्रे आणि अडचणीच्या वेळी द्यायची निवेदने अशी लेखनाची बरीच कामे असतात.

हा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. टाटा समूहाने मुंबईत १९४३ साली स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ साली स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत या क्षेत्राची पहिली अखिल भारतीय परिषद भरली, म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. राज्य सरकारचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याची जिल्हा माहिती कार्यालये आणि 'लोकराज्य' मासिक हेही याच कामाचे शासकीय रूप आहे.

'छोटी' संस्था म्हणजे किती छोटी? मोठ्या संस्थेपेक्षा काम वेगळे असते का?

आमच्यासारख्या संस्थेत साधारणपणे दहाच्या आत माणसे असतात. मोठ्या संस्थेत लिहिणारा वेगळा, पत्रकारांशी बोलणारा वेगळा, ग्राहकाकडे बैठकीला जाणारा वेगळा आणि अहवाल तयार करणारा वेगळा, अशी विभागणी असते. आमच्याकडे प्रसिद्धिपत्रक जो लिहितो, तोच ते पाठवतो, त्यावर येणाऱ्या प्रश्नांना तोच उत्तर देतो आणि दुसऱ्या दिवशी कात्रणेही तोच काढतो. यात दमछाक होते हे खरे, पण आपण लिहिलेल्या वाक्याचे पुढे काय झाले हे पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मोठ्या संस्थेत शिस्त, प्रशिक्षण आणि नामवंत ग्राहक अधिक मिळतात. कोणाला काय हवे हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना लिहिण्याची आवड आहे त्यांनी निदान सुरुवातीची काही वर्षे छोट्या ठिकाणी काढावीत, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

कामाचा दिवस कसा असतो?

दिवसाची सुरुवात वर्तमानपत्रांनी होते. 'सकाळ', 'लोकसत्ता', 'लोकमत', 'महाराष्ट्र टाइम्स', 'पुढारी', 'पुण्यनगरी', 'प्रभात', 'केसरी' आणि इंग्रजी दैनिकांच्या पुणे आवृत्त्या टेबलावर पसरलेल्या असतात. संकेतस्थळावर सगळे वाचता येत असताना कागदी अंक कशाला, असे नवे सहकारी विचारतात. संकेतस्थळावर बातमी दिसते. परंतु ती कोणत्या पानावर, किती स्तंभांत, कोणत्या बातमीच्या शेजारी आणि कोणाच्या नावाने आली हे अंकातच कळते. पिंपरी-चिंचवडच्या पानावर आलेली बातमी पुणे शहराच्या पानावर नसते आणि साताऱ्याच्या आवृत्तीत तर सगळाच क्रम बदललेला असतो. बातमीवर नाव असलेला वार्ताहर सध्या कोणते विषय हाताळतो आहे, आरोग्याकडून शिक्षणाकडे कोण गेले, कोणत्या पुरवणीचा दिवस बदलला, याची नोंद रोजच्या रोज ठेवावी लागते. ही नोंदवही आमच्या कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू आहे.

त्यानंतर कात्रणे काढली जातात. कात्रणाच्या वरच्या कडेला दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहून ते स्कॅन केले जाते आणि संबंधित ग्राहकाकडे सकाळी दहापूर्वी जाते. ग्राहकाविषयी प्रतिकूल काही छापून आले असेल, तर ते सर्वांत आधी जाते आणि तेही ईमेलने नव्हे, फोन करून.

सकाळच्या उरलेल्या वेळात लेखन उरकायचे असते. वार्ताहरांच्या बैठका बहुधा सकाळी उशिरा होतात, त्या वेळी त्यांना फोन करू नये. दुपारी जेवणानंतरचा काळ बोलण्यासाठी बरा असतो, कारण तेव्हा वार्ताहर दिवसाची बातमी ठरवत असतो, पण लिहायला बसलेला नसतो. संध्याकाळी पाचनंतर, पाने लागायला सुरुवात झाली की, अगदीच तातडीची दुरुस्ती असल्याखेरीज आम्ही फोन करत नाही. "मेल मिळाला का?" एवढे विचारण्यासाठी तर कधीच नाही. मेल मिळालेला असतो. आपल्याकडे नवी माहिती, एखादे छायाचित्र किंवा बोलायला तयार असलेला माणूस असेल, तरच फोनला अर्थ असतो.

प्रसिद्धिपत्रक कसे लिहिले जाते?

ग्राहकाकडून येणारा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा असतो : "अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज आणि जागतिक दर्जाच्या उत्पादनांसाठी सर्वदूर ख्याती असलेल्या आमच्या उद्योगसमूहाच्या नूतन विभागाचा भव्य शुभारंभ मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला." समजा, हा भोसरी एमआयडीसीतील पंप बनवणारा कारखाना आहे. या वाक्यात पंप नाहीत, भोसरी नाही आणि वाचकाने पुढे का वाचावे, याचे कारणही नाही. उपसंपादकाने हे वाक्य वाचले तर त्याचा हात आपोआप पुढच्या मेलकडे जातो.

आम्ही अशा वेळी कारखान्यात जातो आणि विचारत बसतो. नव्या विभागात काय तयार होणार? ते पूर्वी कोठून येत होते? किती जणांना काम मिळणार आणि त्यांतील किती जण आयटीआयमधून येणार? हा पंप शेतकरी घेणार की इमारतींमध्ये बसणार? अर्धा तास बोलल्यावर कोणीतरी पर्यवेक्षक सहज सांगून जातो की, पंपाचा एक भाग आतापर्यंत परदेशातून मागवावा लागे, तो आता इथेच ओतला जातो आणि त्यामुळे दुरुस्तीला लागणारे आठवडे वाचतील. ही बातमी असते. मग पत्रकाची सुरुवात अशी होते : "शेतीपंपांसाठी आतापर्यंत आयात करावा लागणारा एक महत्त्वाचा भाग आता भोसरीत तयार होऊ लागला आहे." उद्घाटन कोणी केले, हे तिसऱ्या परिच्छेदात जाते. यावर ग्राहकाशी वाद होतो आणि तो शांतपणे घालावा लागतो. उद्घाटक नाराज होतील, या भीतीने पहिले वाक्य बदलले, तर पत्रक छापून येत नाही आणि मग उद्घाटकही नाराजच होतात, हे आम्ही ग्राहकाला समजावून सांगतो.

पत्रकातील प्रत्येक आकडा कोणी दिला, याची लेखी नोंद आमच्याकडे असते. "देशातील पहिले", "आशियातील सर्वांत मोठे" असे दावे पुराव्याशिवाय आम्ही लिहीत नाही. पुरावा नसेल तर दावा काढून टाकतो आणि ग्राहक अडून बसला, तर त्या पत्रकावर आमचे नाव जात नाही. एखाद्या वृत्तसंपादकाने आमच्या भरवशावर चुकीचा आकडा छापला, तर खुलासा त्याला छापावा लागतो. त्यानंतर आमची पत्रके तो संशयाने वाचणार आणि त्याची किंमत आमच्या इतर सर्व ग्राहकांना मोजावी लागणार.

मराठी वर्तमानपत्रांसाठी वेगळे पत्रक लिहिता की इंग्रजीचे भाषांतर पाठवता?

वेगळे लिहितो. इंग्रजी अर्थविषयक दैनिकाच्या वाचकाला कंपनीची उलाढाल महत्त्वाची वाटते, तर चाकण किंवा जयसिंगपूरच्या वाचकाला कामाच्या संधी, रस्ता, पाणी आणि भरपाई यांत रस असतो. माहिती एकच असली तरी तिचा क्रम बदलतो आणि क्रम बदलला की वाक्येही नव्याने लिहावी लागतात.

तांत्रिक बाजूही सांगायला हवी. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये आणि साध्या वर्ड फाइलमध्ये पाठवतो, सोबत पीडीएफ असतेच. केवळ पीडीएफ पाठवली तर मजकूर उचलता येत नाही आणि संध्याकाळच्या घाईत कोणीही तो पुन्हा टंकलिखित करत नाही. अनेक मराठी दैनिकांची पाने वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागत आली. तेथे युनिकोडचे रूपांतर होताना काही जोडाक्षरे मोडतात. 'कऱ्हाड', 'ऱ्हास', 'दऱ्या' असे शब्द त्यात हमखास सापडतात. म्हणून व्यक्तींची आणि गावांची नावे आम्ही मेलच्या शेवटी पुन्हा स्वतंत्रपणे देतो. छायाचित्र दोन-तीनच, मोठ्या आकाराची आणि खाली डावीकडून उजवीकडे नावे लिहिलेली. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र दाबले गेल्यामुळे छपाईला चालत नाही, ते मेलनेच पाठवावे लागते.

बातमी छापून येण्याची हमी देता का?

नाही. अशी हमी देणारा माणूस एकतर जाहिरातीची जागा बातमी म्हणून विकत असतो किंवा खोटे बोलत असतो. २००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'चा प्रश्न देशभर गाजला आणि प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्या वेषात आला, तर वाचकाची फसवणूक होते आणि आमच्या व्यवसायाचा आधारच नाहीसा होतो, कारण बातमीला जाहिरातीपेक्षा अधिक मान मिळतो तो ती विकाऊ नसते म्हणूनच. ग्राहकाला हमखास जागा हवी असेल, तर आम्ही त्याला सरळ जाहिरात करण्याचा किंवा 'जाहिरात' असा स्पष्ट उल्लेख असलेला मजकूर घेण्याचा सल्ला देतो. तो सल्ला देताना आमचे उत्पन्न जाते, पण ग्राहक पुढच्या वेळी पुन्हा विचारायला येतो.

पत्रकारांना भेटवस्तू किंवा पाकिटे द्यावी लागतात का?

नाही आणि आम्ही देत नाही. पत्रकार परिषदेत चहा-नाश्ता, लिहायला कागद आणि माहितीचा संच एवढेच असते. दिवाळीला फराळाचा डबा पाठवण्याची प्रथाही आम्ही ठेवलेली नाही. यामुळे कोणी बातमी नाकारली, असा अनुभव नाही.

पत्रकार परिषद कधी घ्यावी?

क्वचितच. नवी मुंबईहून किंवा पुण्याच्या दुसऱ्या टोकाहून वार्ताहर तास-दीड तास खर्चून येतो, तेव्हा त्याला तेथे असे काहीतरी मिळाले पाहिजे, जे मेलमधून मिळाले नसते. प्रश्न विचारण्याजोगा माणूस, प्रात्यक्षिक, अनेक पक्षांना एकदम उत्तरे देण्याची गरज, यांपैकी काहीतरी असावे. पुण्यात नवी पेठेतील पत्रकार भवन आणि मुंबईत आझाद मैदानाजवळचा मराठी पत्रकार संघ येथे परिषद घेतली, तर वार्ताहरांच्या पायाखालचा रस्ता असतो आणि खर्चही माफक राहतो. पंचतारांकित हॉटेलचा आग्रह बहुधा ग्राहकाचाच असतो. वेळ दुपारी बारा ते एकच्या दरम्यान ठेवावी आणि व्यासपीठावर तीनपेक्षा जास्त खुर्च्या नसाव्यात. सत्कार, दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक यांना येथे स्थान नाही.

तुम्ही कोणते काम नाकारता?

आजार बरा करण्याचे चमत्कारिक दावे करणारी औषधे, तेले आणि यंत्रे यांचे काम आम्ही घेत नाही. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. मधुमेह किंवा कर्करोग 'मुळापासून बरा करतो' असे छापून आणण्यास मदत करणे म्हणजे एखाद्या रुग्णाला त्याच्या चालू उपचारांपासून तोडणे होय. बांधकाम प्रकल्पांच्या बाबतीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हाती आल्याशिवाय एक ओळही बाहेर जात नाही. जाहिरातींवर तो क्रमांक बंधनकारक आहेच आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. आम्ही हाच नियम पत्रकांनाही लावतो.

निवडणुकीच्या काळात उमेदवारांचे काम आम्ही स्वीकारत नाही. जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती पेड न्यूजवर लक्ष ठेवते आणि तसे सिद्ध झाल्यास तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. उमेदवाराचे काम प्रामाणिकपणेही करता येते आणि ते करणारे लोक आहेत. आमच्या छोट्या संस्थेला मात्र त्या दोन महिन्यांसाठी वर्षभराचे संबंध पणाला लावणे परवडत नाही.

ग्राहक अडचणीत सापडला तर तुम्ही काय करता?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याच कामाविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. 'बातमी दाबणे' हे आमचे काम नाही आणि आजच्या काळात ते कोणाला शक्यही नाही.

महाराष्ट्राला आठवत असलेले एक उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये किडे सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या आणि बातम्यांचा पूर उठला. कंपनीने सुरुवातीला दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखवले, तर प्रशासनाने वेष्टनाबद्दल प्रश्न उपस्थित केला. तांत्रिकदृष्ट्या कंपनीचे म्हणणे काहीही असले, तरी आईवडिलांच्या मनातला प्रश्न एकच होता, तो म्हणजे मुलाच्या हातात हे द्यावे की नाही. पुढे कंपनीने दुकानदारांना साठवणुकीचे शिक्षण देण्याची मोहीम हाती घेतली आणि २००४ च्या सुरुवातीला अधिक घट्ट बंद होणारे नवे वेष्टन आणले. अमिताभ बच्चन यांची जाहिरात आली ती हा बदल झाल्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. वेष्टन न बदलता केवळ जाहिरात आली असती, तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

२०१५ मधील मॅगी नूडल्सचे प्रकरण वेगळ्या कारणाने अभ्यासण्याजोगे आहे. उत्तर प्रदेशातील नमुन्यांत शिशाचे प्रमाण जास्त आढळल्यापासून सुरू झालेला वाद वाढत गेला, जूनमध्ये विक्रीवर बंदी आली आणि देशभर माल परत बोलवावा लागला. पुढे १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला आणि फेरतपासणी करण्यास सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानांत आली. कंपनीला न्यायालयात दिलासा मिळाला, परंतु मधल्या आठवड्यांत लोकांनी जे मत बनवायचे ते बनवले होते. प्रयोगशाळेचा अहवाल आणि लोकांची भीती यांची गती वेगळी असते, म्हणून अहवाल येईपर्यंत गप्प बसण्याचा मार्ग खुला नसतो.

आमच्या पातळीवरची प्रकरणे अर्थातच एवढी मोठी नसतात. शाळेच्या बसचा अपघात, वसतिगृहातील विषबाधा, कारखान्यातील वायुगळती, रुग्णालयातील नातेवाइकांचा संताप, अशा घटना असतात. त्या वेळी पहिल्या तासाभरात तीन गोष्टी ठरतात : बोलणार कोण, आतापर्यंत नक्की काय माहीत आहे आणि पुढची माहिती किती वाजता देणार. निवेदन चार-पाच वाक्यांचे असते. जखमींचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा उल्लेख पहिल्या वाक्यात येतो, संस्थेच्या परंपरेचा उल्लेख कोठेच येत नाही. "चौकशी सुरू आहे" एवढ्यावर न थांबता चौकशी कोण करत आहे, हे सांगावे लागते. विद्यार्थ्यांची किंवा रुग्णांची नावे आम्ही माध्यमांना देत नाही. वकिलांचा सल्ला घेतला जातो, पण निवेदन वकिलाच्या भाषेत जाऊ नये, यासाठी आम्ही आग्रह धरतो. ग्राहकाने आम्हालाच अर्धे सत्य सांगितल्याचे लक्षात आले, तर आम्ही काम थांबवतो. ही अट करारात पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांचे काम करताना कोणती काळजी घ्यावी लागते?

अशा कंपनीचा तिमाही निकाल, विलीनीकरण किंवा मोठी ऑर्डर यांची माहिती पत्रक लिहिण्यासाठी आमच्याकडे आधी येते. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगविषयक, म्हणजे आतल्या माहितीच्या आधारे होणाऱ्या शेअर व्यवहारांविषयीच्या, नियमांनुसार ती अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती असते. ती कोणाला दिली, याची कंपनीला नोंद ठेवावी लागते आणि त्या नोंदीत आमच्या सहकाऱ्यांची नावे जातात. अशा सहकाऱ्याने त्या कंपनीचे शेअर घेणे-विकणे तर सोडाच, घरी जेवताना विषयही काढायचा नसतो. माहिती आधी शेअर बाजाराला कळवली जाते आणि त्यानंतरच माध्यमांना. ओळखीच्या पत्रकाराला पाच मिनिटे आधी सांगणे हाही नियमभंगच आहे.

समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सर मंडळींसोबत काम करता का?

करतो, परंतु मोजक्याच ग्राहकांसाठी. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. पैसे, वस्तू किंवा फुकट मुक्काम यांपैकी काहीही मिळाले असेल, तर तसा ठळक उल्लेख करावा लागतो. आमच्या करारात हा उल्लेख करण्याची जबाबदारी लेखी असते. मराठीतून खाद्यपदार्थ, शेती आणि गडकोट यांविषयी मनापासून काम करणारी पुष्कळ मंडळी आहेत आणि त्यांचे प्रेक्षक संख्येने कमी असले तरी त्यांच्या शब्दावर चालणारे असतात. केवळ अनुयायांचा आकडा पाहून निवड करावी, असे आम्हाला वाटत नाही.

कामाचे मोजमाप कसे करता?

पूर्वी कात्रणाची लांबी-रुंदी मोजून तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावायचा आणि "एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली" असे सांगायचे, अशी पद्धत होती. अजूनही काही ग्राहक तो तक्ता मागतात. २०१० मध्ये बार्सिलोना येथे या क्षेत्रातील व्यावसायिकांनी मोजमापाची जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. ते योग्यच आहे, कारण त्या हिशेबात टीकेची बातमी आणि कौतुकाची बातमी यांचे मोल सारखेच ठरते.

आम्ही काम सुरू करतानाच ग्राहकासोबत ठरवतो की, नेमके काय घडायला हवे. रक्तपेढीला दाते हवे असतील तर शिबिरात किती जण आले आणि त्यांना कोठून कळले, हे मोजायचे. शाळेला प्रवेश हवे असतील तर चौकशीच्या अर्जावर एक रकाना वाढवायचा. बातमीत आपला मुख्य मुद्दा आला का, तो बरोबर आला का आणि ज्यांनी वाचायला हवा होता त्यांच्याच आवृत्तीत आला का, हेही पाहतो. महिन्याचा अहवाल दोन पानांपेक्षा मोठा नसतो.

शुल्क कसे आकारता?

मासिक ठरावीक शुल्क किंवा एका प्रकल्पापुरते शुल्क, असे दोन प्रकार आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि व्यावसायिक सेवा म्हणून ग्राहक टीडीएस कापतो. हॉल, छायाचित्रकार, प्रवास यांची बिले जशीच्या तशी दिली जातात.

छोट्या संस्थेचा खरा ताण उशिरा येणाऱ्या पैशांचा असतो. मोठ्या ग्राहकाचे एक बिल तीन महिने अडकले तर इकडे पगाराची तारीख गाठताना धावपळ होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, लेखी करार असल्यास, कमाल ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. २०२४ पासून आयकराच्या तरतुदीही अशा आहेत की, ही मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. त्यामुळे आम्ही प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापतो. ज्यांनी अजून ही नोंदणी केली नसेल, अशा लहान व्यावसायिकांनी ती जरूर करावी, ती विनामूल्य आहे.

सुट्ट्या आणि कामाच्या वेळा यांचे काय?

वर्तमानपत्रांना वर्षातून मोजकेच दिवस सुट्टी असते आणि वाहिन्यांना तीही नसते, त्यामुळे आमच्याकडे रविवारी पाळीने एक जण फोनवर उपलब्ध असतो. त्याला आठवड्यात बदली सुट्टी मिळते. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि पालखी पुण्यात असते ते दिवस आम्ही कोणताही कार्यक्रम ठेवत नाही. रस्ते बंद असतात, वार्ताहर बंदोबस्तासारखे कामाला लागलेले असतात आणि पानांत जागा नसते. दिवाळी अंकांसाठीचा मजकूर मात्र पावसाळ्यातच द्यावा लागतो, हे नव्या माणसाला लवकर उमगत नाही. रात्री दहानंतर ग्राहकाचा मेसेज आला, तर संकटाचा प्रसंग सोडून उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावे, असा कार्यालयाचा नियम आहे आणि ग्राहकांना तो आधीच सांगितलेला असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरता का?

मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाचा कच्चा मजकूर तयार करणे, लांब अहवालातील मुद्दे काढणे, यांसाठी वापरतो. ग्राहकाची गोपनीय माहिती त्यांत टाकण्यास मनाई आहे. प्रसिद्धिपत्रक माणूसच लिहितो आणि त्यातील प्रत्येक नाव, तारीख आणि आकडा माणूसच तपासतो.

या क्षेत्रात येण्यासाठी कोणते शिक्षण लागते?

पत्रकारितेची पदवी किंवा पदविका उपयोगी पडते. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमधून आलेले विद्यार्थी बातमीची रचना जाणतात आणि त्यांचे वर्गमित्रच पुढे वार्ताहर होतात, हा त्यांचा मोठा फायदा असतो. तरी मराठी साहित्य, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही आम्ही तितक्याच आनंदाने घेतो. ताळेबंद वाचता येणारा मराठी लेखक या व्यवसायात फार दुर्मीळ आहे. काही महिने वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केले असेल तर उत्तमच, कारण दिवसाला शंभर पत्रके ज्याने वाचली आहेत, तो एकशे एकावे पत्रक कसे लिहावे हे जाणतो. भिडस्त स्वभाव ही अडचण नाही. लक्षपूर्वक ऐकणारी माणसे अनेकदा बोलक्या माणसांपेक्षा या कामात पुढे जातात.

नोकरीसाठी अर्ज कसा करावा?

एक पानाचा परिचय पाठवावा. त्यासोबत आपल्या गावातील किंवा पेठेतील एखाद्या लहान व्यवसायाविषयी, मग ते गुऱ्हाळ असो, छापखाना असो किंवा सायकल दुरुस्तीचे दुकान, तीनशे शब्दांचे मराठी प्रसिद्धिपत्रक स्वतः जाऊन, बोलून, लिहून पाठवावे. त्यातील व्यक्तींची परवानगी घ्यावी आणि प्रत्येक माहिती कोणी दिली, हे खाली वेगळे लिहावे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. अर्जांना आम्ही पंधरवड्याच्या आत उत्तर देतो, नकार असला तरीही, आणि पत्रकावर काय सुधारता येईल हे त्यात लिहितो.